लाल नटांना हात नाही

७ नोव्हेंबर

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे न फोडताच कोपऱ्यात टाकशील, ही भीती आहेच. पण फोडलंस तर पहिलं पान तरी वाच. त्यात रडगाणं नाही आणि भांडणही नाही. टायर आहेत.

आपल्या वर्कशॉपात तीन ट्रक आलेत. लष्करानं वापरून काढून टाकलेले, लिलावात निघालेले. सहा चाकं, आणि सहाच्या सहा इंजिनला जोडलेली. एखादं चिखलात रुतलं तरी बाकीची पाच त्याला ओढून बाहेर काढतात. बोअर खोदणारी एक बाई आहे, तिनं घेतलेत. डोंगरात जिथे रस्ताच नाही तिथे तिला यंत्र चढवायचंय. मला म्हणाली, "चाकं आणि हवा तेवढी तुम्ही बघा, बाकीचं माझं मी बघते." मी आपली हो म्हणून मोकळी झाले. काय येणार आहे ते मला कुठे ठाऊक होतं!

अरे, पहिला ट्रक फाटकातून आत आला आणि ऑफिसातला उजेडच गेला. मला वाटलं ढग आले. बाहेर येऊन बघते तर खिडकीसमोर नुसतं चाक. एक टायर माझ्या छातीपर्यंत येतो, आणि मी काही बुटकी नाही. मी आ वासून उभी. वेल्डरकाका मागून म्हणाले, "तोंड मीट, माशी जाईल." पण बोलता बोलता त्यांनी स्वतःही टायरवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आणि खरी गंमत पुढेच. केबिनमध्ये एक खुंटी आहे. ती फिरवली की चालत्या गाडीत टायरमध्ये हवा भरते, उलटी फिरवली की सुटते. वाळूत शिरायचं तर हवा कमी करायची, टायर पसरतात, गाडी रुतत नाही. खडकावर आलं की पुन्हा भरायची. आणणाऱ्या ड्रायव्हरनं करून दाखवलं. आधी गाडी हळूहळू खाली बसली, उसासा टाकून. मग त्यानं खुंटी फिरवली आणि ती उठली रे! बसलेली म्हैस उठते ना, आधी मागून, मग पुढून, तश्शी. माझ्या अंगावर काटा आला. पन्नाशी उलटली माझी, बाबांच्या हाताखाली निम्मं आयुष्य ग्रीसमध्ये गेलं, तरी हवेनं एवढं धूड उचललेलं बघून मला हात जोडावेसे वाटले. तेव्हा पहिला विचार आला तो तुझा. तू असतास तर आधी त्या ड्रायव्हरला ढकलून केबिनमध्ये बसला असतास.

काकांनी तिघींची नावंही ठेवलीत: थोरली, मधली, धाकटी. मधली नाठाळ आहे.

तुझा पत्ता मला टायरच्या फिरत्या विक्रेत्यानं दिला. तू एका गोदामात पोत्यांवर चिठ्ठ्या चिकटवतोस म्हणाला. त्याच्या गाडीचं चाक बसलं होतं, तू शेजारी उभा होतास, त्यानं पाना पुढे केला तर म्हणालास, "मी चाकाला हात लावत नाही." ते ऐकून मी दोन दिवस जेवले नाही. अकरा वर्षं झाली काकांचा पाय जाऊन आणि तू घर सोडून. चाकाचं काम तुझ्या हातात जसं होतं तसं बाबांच्याही नव्हतं, हे बाबा स्वतः म्हणायचे. तुझ्या तोंडावर नाही, पण म्हणायचे.

आता विचारायचं ते विचारते. तीन गाड्यांच्या वीस टायरांत दोन जातींचे टायर मिसळलेत. काहींवर १४.०० आर २० आहे, काहींवर ३९५/८५ आर २०. विक्रेता छातीठोकपणे सांगतो की नाव जुनं आणि नवं, वस्तू एकच, खुशाल कुठेही लावा. मला ते पटत नाही, पण का पटत नाही तेही सांगता येत नाही. कार्डावर दोन ओळी लिहून टाक.

अजून एक सांगायचंय. ते टायरचं नाही. ते सांगायलाच खरं तर कागद घेतला होता, आणि बघ, चार पानं टायरवर गेली. पुढच्या वेळी.

ताई


२१ नोव्हेंबर

धाकट्या,

कार्ड आलं. पोस्टमन देऊन गेला आणि मी ते उलटंसुलटं करत फाटकातच उभी राहिले. ना 'ताई', ना सही. "दोन्ही मापं एका गाडीवर नकोत. वीस इंची रिमला दोन्ही बसतात, म्हणून विक्रेता फसतो. उंची काढ. छापलेल्यावर विसंबू नको, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून एक फेरा मोज." बस्स. पण 'ळ' तसाच काढतोस अजून, लंगडा. काकांना दाखवलं. त्यांनी वाचलं, परत दिलं आणि वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला. समोर वेल्डिंगला काहीच नव्हतं.

मग तू सांगितलंस तसं केलं. आधी कागदावर. तीनशे पंच्याण्णव ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. तिच्या पंच्याऐंशी टक्के म्हणजे कडेची उंची, तीनशे छत्तीस. ती वर एकदा, खाली एकदा, मध्ये वीस इंची रिम. सगळं मिळून एकशे अठरा सेंटिमीटर. आणि तो चौदावाला निघाला एकशे पंचवीस! सात सेंटिमीटर म्हणजे काही फार नाही असं मला वाटलं. पण मग एकेक टायर गाडीला लावून, सगळ्यांत सारखी हवा भरून, टायरला आणि जमिनीला खडूची रेघ मारून एक फेरा ढकलला. एका फेऱ्याला वीतभर फरक, धाकट्या! म्हणजे एका गाडीला दोन्ही लावले असते तर प्रत्येक फेऱ्याला एक चाक दुसऱ्याच्या वीतभर पुढे जायला बघणार, आणि सगळी एकाच इंजिनच्या दावणीला बांधलेली. डोंगरात कुठेतरी गिअरच्या पेटीतले दात कडाकडा मोडले असते. ती बाई यंत्रासकट दरीत गेली असती आणि मी इथे चहा पीत बसले असते.

दोन दिवस आम्ही नुसते खडू घेऊन गाड्या ढकलत होतो. शेवटी तेरा एका जातीचे निघाले, सात दुसऱ्या. थोरली आणि धाकटी चौदावर, मधली तीनशे पंच्याण्णववर, आणि प्रत्येक जातीचा एक जास्तीचा उरला. मधलीच्या सहा चाकांचे सहा फेरे मोजले तर सगळे एका बोटाच्या आत. मी ते आकडे ओळीनं लिहिले आणि बघतच राहिले. तू सहाशे कोसांवरून न बघता सांगितलंस आणि ते तंतोतंत उतरलं. मिशीवाला फिटर, म्हणजे आपल्याकडे नवा आलेला, आधी बसगाड्यांवर होता, तो म्हणाला, "बाई, कोण आहेत हे साहेब?" मी म्हटलं, माझा भाऊ. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला असं सांगितलं.

आता गळती. थोरली नि धाकटी शहाण्यासारख्या आहेत. मधली मात्र सकाळी हवा भरली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत काटा निम्म्यावर. या गाड्यांचे ब्रेकही हवेवर. हवा संपली की ते आपोआप आवळून बसतात आणि मग ढकला, ओढा, शिव्या द्या, गाडी जागची हलत नाही. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन मी गाडीखाली पाठीवर पडून असते. आतापर्यंत चौदा ठिकाणं सापडलीत. काका रबरी नळीचं एक टोक कानात घालून दुसरं सांध्यासांध्यावर फिरवतात, डॉक्टरसारखे. खोटा पाय गाडीखाली दुमडत नाही म्हणून तो काढून बाहेर ठेवतात. येणारेजाणारे दचकतात.

एका सांध्यावरचा फुगा इतका बारीक होता की तो मोहरीएवढा व्हायला पाच मिनिटं लागली. मी श्वास रोखून बघत होते. एवढं मोठं जनावर, आणि त्याला खाली बसवायला एवढंसं भोक पुरतं! मला त्या फुग्याचं कौतुकच वाटलं. मग तो सांधा आवळला आणि पुढच्याकडे वळले.

पुढच्या कार्डावर ब्रेकबद्दलही दोन ओळी लिहिशील तर बरं. आणि ते दुसरं... इथे मी तीन ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्यात. उजेडात धरून वाचायला जाऊ नकोस, नीट गिरवून खोडल्यात.

ताई


४ डिसेंबर

धाकट्या,

आज सगळं लिहिते. थांबून थांबून लिहिलं तर पुन्हा टायरवर जाईन.

मधलीचं पाचवं चाक. बाकी सगळं आवळून झालं, तरी काटा उतरतोच. साबणाचं पाणी लावलं तर रिमच्या जोडावर फेस. तुला माहितीये, ही रिम दोन ताटल्यांची असते, दोन्ही एकमेकींना नटांनी आवळलेल्या आणि मध्ये रबरी कडी. ती कडी वाळली होती. चाक उतरवून उघडायचं ठरलं. मी ऑफिसात फोन घ्यायला गेले आणि खिडकीतून बघते तर मिशीवाला चाकासमोर बसलाय, पाना नटावर चढवलाय, आणि तो पाना बाहेरच्या ओळीवर आहे. टायर पूर्ण भरलेला.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. फोन लोंबकळत राहिला. मी त्याच्या अंगावरच पडले, पाना हिसकला, आणि इतकी ओरडले की घसा बसलाय. तो बिचारा पांढराफटक. म्हणाला, "बाई, गळतंय तिथलेच नट उघडतोय ना?" काय चुकलं त्याचं? आतली ओळ चाक गाडीला धरते, बाहेरची ओळ त्या दोन ताटल्यांना. आत हवा असताना बाहेरची ओळ सैल केली तर दहा-अकरा टनांचा जोर एका झटक्यात सुटतो. हवा! जी दिसत नाही, जिला वजन नाही म्हणतो आपण. लष्करात म्हणूनच बाहेरचे नट लाल रंगवतात. पण लिलावाआधी कुणीतरी गाड्या चकचकीत दिसाव्यात म्हणून चाकांसकट एकाच रंगात न्हाऊ घातल्या होत्या. सगळे नट मातकट, एकसारखे.

मी तिथेच जमिनीवर बसले, आणि काका माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं मी त्यांच्या पायाच्या आठवणीनं थरथरतेय.

आपल्याकडे बाबांनी एकच नियम शिकवला होता. आतलं-बाहेरचं शिकवलं नाही, कारण काही गाड्यांवर ते उलटं दिसतं आणि माणूस घोटाळतो. नियम एवढाच: लाल नटांना हात नाही. आंधळ्यालाही समजेल असं म्हणायचे. तू दहा वर्षांचा होतास तेव्हापासून तेच ऐकत आलास.

काकांचा पाय गेला त्याच्या आदल्या दुपारी तू टायर आणायला गेला होतास. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येणार होतं. बाबा म्हणाले होते, फक्त बॉडी रंगव, चाकांना हात लावू नकोस. पण माझं तोंड वाकडं. बॉडी कोरी करकरीत आणि खाली ती गंजकी चाकं, नव्या साडीखाली फाटकी चप्पल! मी चाकांवरही फवारा मारला. नटांवर कागद लावायला हवा होता. एका चाकाला बावीस, सहा चाकांना एकशे बत्तीस, कोण लावत बसणार? मी मारला सरसकट. हिरवा. आणि संध्याकाळी चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले.

सकाळी तू चाक उतरवायला बसलास. तुला समोर हिरवे नट दिसले. एकही लाल नाही. हात लावायला मोकळा होतास तू. बाहेरची ताटली उडाली ती शेजारी उभ्या काकांच्या पायावर.

काकांना तू आणि बाबा दवाखान्यात घेऊन गेलात. शर्ट रक्तानं भरलेला तुझा. मी मागे राहिले. दोन तास होते माझ्याकडे. मी थिनरचा डबा घेतला आणि चिंधी. घाबरून केलं, न कळत केलं, असं लिहायला बसले होते. खोटं आहे. कळून केलं. कालचा रंग कच्चा होता, थिनरनं निघाला. खालचा जुना लाल रंग भट्टीत भाजलेला, तो टिकला. सहाच्या सहा चाकं पुसली. एकशे बत्तीस नट. चिंध्या भट्टीत टाकल्या. हात धुतले, साबण लावून, दोनदा.

तुम्ही परत आलात. बाबांनी चाक बघितलं. मला विचारलं, "चाकं रंगवलीस?" मी म्हटलं, "हो, पण नट झाकून." बाबांनी तुझ्या मानेला धरून तुला वाकवलं. "हे काय आहे? डोळे फुटले होते का तुझे?" तू बघितलंस. एका नटावरून बोट फिरवलंस. मग मान वर करून माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि मी म्हणणार हो, मीच. मी तयार होते रे, देवाशपथ तयार होते. पण तू काय म्हणालास? "ताई, मला हिरवे दिसले गं." माझ्यावर आरोप नव्हता त्यात. तू मला सांगत होतास, घाबरून, लहानपणी अंगात ताप आला की सांगायचास तसं.

आणि मी म्हटलं, "घाईत बघितलं असशील."

काकांनी शुद्धीवर आल्यावर तुला खोलीतून हाकललं. बाबा तुझ्याशी बोलेनात. दहाव्या दिवशी तू गेलास. बाबा गेले तेव्हा आलास, अंगणातून परत फिरलास, तेव्हा तुझ्यामागे धावायला हवं होतं. मी चुलीवरचं भांडं उतरवत होते. ते उतरवलं नसतं तर काय करपलं असतं मोठं?

नट हिरवे होते, धाकट्या. तू बघितलंस ते बरोबर बघितलंस. चूक तुझी नव्हती, तुझ्या डोळ्यांची नव्हती, कणभरही नव्हती. हे तुला मिळायला हवं, बाकी मला काही नको. माफ कर असं मी लिहिणार नाही. लिहायला तोंड नाही.

हे पाकीट आत्ता, जेवणाआधी, पेटीत टाकून येते. जेवणानंतर माझं धैर्य टिकेल की नाही सांगता येत नाही.

ताई


१६ डिसेंबर

धाकट्या,

तुझं काही आलं नाही. यावं असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी पोस्टमनची सायकल वाजली की मी उठते.

पाकीट टाकून आले आणि तशीच काकांकडे गेले. ते डबा उघडून बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं, तुला लिहिलं तेवढंच, कमी नाही जास्त नाही. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. एवढंच विचारलं, "बाबांना माहीत होतं?" मी म्हटलं, नाही. "मग ते पोराला शिव्या देतच गेले." मी म्हटलं, हो. ते उठले, पायाचे पट्टे आवळले आणि घरी गेले. चार दिवस आले नाहीत. मला वाटलं, संपलं. पाय घेतला मी त्यांचा, आणि वर अकरा वर्षं त्यांच्या हातचा चहा पीत आले.

पाचव्या दिवशी आले. मला वाटलं हिशेब मिटवायला आलेत. माझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "पाय गेल्याचं दुःख जुनं झालं पोरी, त्याला गंज चढला. पण त्या पोराला मी दवाखान्यात म्हटलं होतं, तुझं तोंड मला पुन्हा दाखवू नकोस. ते आज नवंकोरं झालंय. ते घेऊन मी कुठे जाऊ?" आणि रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, पाय कापला तेव्हाही नाही. मग म्हणाले, "तुझ्याशी मी बोलेन की नाही ते अजून ठरायचंय. पण मधलीचं चाक उघडं पडलंय, ते आधी लावू." आणि कामाला लागले. माणूस एवढा मोठा कसा असतो रे? मी त्यांच्यासमोर पान्यासारखी उभी होते, कुणी उचलेल तेव्हा हलायचं अशी.

दुपारी सगळ्यांना बोलावलं. फिटर, पेंटर, हिशेबनीस, चहावाला सुद्धा. मधलीपुढे उभं राहून सगळं सांगितलं. माझ्या भावानं काही केलं नव्हतं, मी केलं होतं, असं मोठ्यानं म्हटलं. मिशीवाला तेवढा म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी ओरडला नव्हतात." मी म्हटलं, दोघांसाठी ओरडले.

पाचव्या चाकाची हवा आधी पूर्ण सोडली, व्हॉल्व्हची सुई काढून खिशात ठेवली, मगच नट उघडले. नवी कडी बसवली. फुटलं तर आवरावं म्हणून लोखंडी पिंजऱ्यात ठेवून भरलं. मग शनिवारी दुपारी बारा वाजता मधलीत हवा भरली, काट्यावर खडूनं खूण केली आणि सगळे घरी गेलो.

सोमवारी दुपारी बारा वाजता काका, मी आणि मिशीवाला केबिनमध्ये डोकी घालून बघत होतो. काटा खुणेवर. केसभर नाही हलला. अठ्ठेचाळीस तास! एवढ्या नळ्या, एवढे सांधे, सहा चाकं, किती माणसांनी वर्षानुवर्षं हाताळलेली ती गाडी, आणि आतली सगळी हवा जागच्या जागी. कॉम्प्रेसर बंद होता, पंखा बंद होता, बाहेर कोणी बोलत नव्हतं. मी कान लावला तर काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मला त्या शांततेची भीतीच वाटली थोडी. काकांनी टोपी काढली. मला आधी वाटलं घाम पुसताहेत. नुसती काढून हातात धरली होती.

बोअरवाली बाई परवा तिन्ही गाड्या घेऊन गेली. फाटकातून वळताना मधलीनं हवा सोडली आणि धूळ उडाली. काका माझ्याशी बोलत नाहीत अजून, पण दुपारी माझा चहा झाकून ठेवतात.

ताई


२ जानेवारी

धाकट्या,

काल दुपारी तुझं पाकीट आलं. जाडजूड. मी ते काकांच्या बाकावर ठेवून उघडलं, कारण एकटीनं उघडायची हिंमत नव्हती. आत पत्र नव्हतं. सात कागद होते, टाचणी लावलेले.

डोळ्यांचे सात डॉक्टर. सात वेगळे शिक्के. पहिल्यावरची तारीख बघितली आणि मोजली. अपघातानंतरचा चौथा दिवस. तू घरीच होतास तेव्हा, माझ्या हातचं जेवत होतास, आणि मला न सांगता जाऊन आलास. "तक्रार: लाल रंग हिरवा दिसतो." खाली डॉक्टरचं अक्षर: "ठिपक्यांची चाचणी घेतली. लाल-हिरवा भेद अचूक. दोष नाही."

दुसरा, पुढच्या वर्षीचा. दोष नाही. तिसऱ्यानं डोळ्यांत औषध घालून पडदा तपासला. दोष नाही. चौथ्यानं मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं, त्याचीही चिठ्ठी मागे जोडलेली. पाचव्यानं लिहिलंय, दृष्टी सरासरीहून चांगली. सहाव्यानं लिहिलंय, "रुग्णाचं समाधान होत नाही. चाचणी तीनदा करायला लावली." सातवा गेल्या जुलैचा. काका एकेक कागद हातात घेऊन वाचत होते, आणि वाचून झालेला माझ्याकडे देत होते. शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते मायेनं होतं की त्यांना उठायला आधार हवा होता, मला कळलं नाही.

मी तुला रंगाबद्दल लिहिलं, थिनरबद्दल लिहिलं, नट मोजून लिहिले. मला वाटलं मी केलेलं सगळं लिहून झालं. मला माहीतच नव्हतं मी काय केलं होतं. तू पोती निवडलीस कारण पोत्यांना रंग नसतो, हे मला आज समजतंय. सात माणसं, शिकलेली, डोळ्यांत दिवा घालून बघणारी, अकरा वर्षं तुला सांगत होती की तुझे डोळे ठीक आहेत. आणि तू त्यांच्यातल्या एकावरही विश्वास ठेवला नाहीस, कारण तुझी ताई म्हणाली होती, घाईत बघितलं असशील. एवढा विश्वास, रे? माझ्यावर? मी तो कुठे ठेवू, कशात ठेवू, मला जागाच सापडत नाही.

कागद परत टाचणीला लावताना सातव्याच्या पाठीमागे तुझं अक्षर दिसलं. पेन्सिलीनं, एकच ओळ. काकांनी चष्मा मागितला, मी त्यांना वाचून दाखवली, आणि आता तुलाच लिहून पाठवते, कारण कितीदा वाचली तरी मला पुन्हा वाचावीशी वाटते:

"ताई, आठव्याकडे सोमवारचा नंबर लावला होता, आता जात नाही."